ओतीव

शीव स्थानकाच्या पाटीवर एकाच जागेची दोन नावे शेजारी शेजारी असतात. देवनागरीत शीव, आणि रोमन लिपीतले जे आपण सायन असे वाचतो ते. मराठी नाव समजायला कोश लागत नाही. गावाची हद्द ती शीव. मुंबई इंग्रजांकडे आणि खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांकडे होती तेव्हा इथली टेकडी खरोखरीच शीव होती. जेराल्ड ऑंजियर गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, इंग्रजांनी तिच्यावर किल्ला बांधला तो याच कारणाने. दुसऱ्या नावाकडे बायबल वाचलेल्या डोळ्यांनी पाहिले की जेरुसलेमचा सियोन डोंगर दिसू लागतो. जेझुइट पाद्र्यांनी त्या डोंगराचे नाव इथे आणले, अशी कथाही सांगतात. मला ती पटत नाही. गावकऱ्यांच्या तोंडचा शीव परक्या कानांना ओळखीच्या सियोनसारखा ऐकू आला आणि कागदावर तसाच उतरला, असे मला वाटते. वेगळ्या मुळांचे दोन शब्द एका उच्चारापाशी येऊन भेटले, आणि नंतर त्यांना वेगळे करणे अवघड झाले.

हिब्रू शिकू लागले तेव्हा नेमका असाच एक शब्द समोर आला आणि गेली काही वर्षे तो मला सोडत नाही. तो शब्द आहे 'मस्सेखा'. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी अहरोनाने केलेल्या सोन्याच्या वासराला बायबलातल्या निर्गम या ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायात हेच विशेषण लावले आहे. पुढे चौतिसाव्या अध्यायात असले देव करू नयेत अशी आज्ञा येते, तिथेही हाच शब्द आहे. मराठी बायबलात त्याच्यासाठी 'ओतीव' हा शब्द रुळला. देव ओतीव, मूर्ती ओतीव, वासरू ओतीव.

मला सांगायचे आहे ते या मराठी शब्दाबद्दल. 'ओतीव' हा फार चांगला अनुवाद आहे, बहुधा अनुवादकांना वाटला असेल त्याहूनही चांगला. मात्र त्याच्यापुढे 'मूर्ती' हा शब्द ठेवला गेला आणि तिथे दोन समाजांचे बोलणे चुकले. ती चूक मुंबईत दीडदोनशे वर्षे चालत आली आहे.

आधी धातू पाहू. मस्सेखा ज्या धातूतून येतो तो नून, सामेख, काफ या तीन व्यंजनांचा आहे. त्याचा साधा अर्थ ओतणे. यज्ञात देवापुढे द्राक्षारस ओततात त्याला 'नेसेख' म्हणतात. गणना या ग्रंथात रोजच्या आणि सणांच्या अर्पणांची मापे दिली आहेत, तिथे हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे देवाला ओतलेले ते नेसेख आणि देव म्हणून ओतलेले ते मस्सेखा. यिर्मया संदेष्टा तर आपल्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात ओतलेल्या प्रतिमेलाच नेसेख म्हणतो. अर्पण आणि प्रतिमा यांना एकच शब्द पुरतो, कारण हाताची क्रिया एकच आहे. भांडे कलते आणि आतले पातळ खाली जाते.

ग्रीक आणि लॅटिन अनुवादकांनी या ठिकाणी धातू वितळवण्याचे शब्द घेतले. इंग्रजीतही जुन्या अनुवादापासून 'मोल्टन', म्हणजे वितळलेला, हाच शब्द रूढ आहे. त्यात भट्टी आहे, आच आहे, पण ओतणारा हात नाही. द्राक्षारसाशी असलेले नातेही त्यात दिसत नाही, कारण द्राक्षारस कुणी वितळवत नाही. मराठीत मात्र पाणी ओततात, तेल ओततात, पितळही ओततात. ओतकाम करणाऱ्या जातीचे नावच ओतारी. जे क्रियापद घागरीला तेच मुशीला. हिब्रू वाचकाला मस्सेखा वाचताना जे ऐकू येत असेल ते मराठी वाचकाला 'ओतीव' मध्ये आपोआप ऐकू येते. असा मेळ अनुवादात मुद्दाम साधता येत नाही, तो भाषेत आधीच असावा लागतो.

मुंबईत हे दोन शब्द पहिल्यांदा समोरासमोर आले ते एकोणिसाव्या शतकात. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये इथे आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली. ती प्रामुख्याने बेने इस्रायल या यहुदी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी होती. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून शेजारी या लोकांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावे गावांवरून, दिवेकर, राजपूरकर, केहीमकर अशी. मुंबईत त्यांचे पहिले सभागृह सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीत बांधले. या समाजाने हिब्रू शिकावे ते मराठीतून, आणि शिकवणारा असावा परक्या धर्माचा पाद्री, ही मला आपल्या शहराच्या बौद्धिक इतिहासातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापली गेली. पुढच्या पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. आणखी पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून सगळे बायबल मराठीत केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये छापून निघाले. एका बाईने, ती मूळची संस्कृत पंडिता, हिब्रू शिकून एवढे काम पार पाडले, याची आपल्या वाङ्मयेतिहासात जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

आता 'मूर्ती' कडे वळते. मस्सेखा या शब्दात प्रतिमा नाही, रूप नाही, देवही नाही. ओतून झालेली वस्तू, एवढेच त्यात आहे. तिला देव म्हणायचे नाही म्हणूनच तिला ओतकाम म्हटले आहे. जोडीला येणारा दुसरा शब्द 'पेसेल', तोही असाच. पासाल म्हणजे छिन्नीने कोरणे, म्हणून पेसेल म्हणजे कोरकाम. वापरून वापरून तो इतका सैल झाला की यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात कारागीर पेसेल ओततो आणि सोनार त्यावर सोन्याचा पत्रा चढवतो. पण मूळ वृत्ती तीच राहिली. देवाला त्याच्या घडणीच्या नावाने हाक मारायची आणि तेवढ्यावर थांबायचे.

मराठीत ते थांबणे शक्य नव्हते. विशेषणामागे नाम हवेच, आणि हाताशी असलेले नाम 'मूर्ती'. हा शब्द आपल्याकडे पूज्य आहे. 'ओतीव मूर्ती' म्हटले की मराठी माणसाला त्यात निंदा ऐकूच येत नाही. भुलेश्वरच्या दुकानात विचारा, हे वर्णन आहे, कौतुकही आहे. ओतीव म्हणजे भरीव, वजनदार, पत्र्याची नव्हे. हिब्रूत जो शब्द देवपण नाकारतो तो मराठीत येताना मालाची प्रत सांगू लागतो.

पण 'मूर्ती'चे मूळ पाहिले की थबकायला होते. संस्कृतातला मूर्छ् हा धातू घट्ट होणे, गोठणे, आकार धरणे या अर्थाचा आहे. पातळ होते ते थिजले, म्हणजे मूर्त झाले. आपण शुद्ध हरपण्याला मूर्च्छा म्हणतो तीही याच धातूची. मुशीतला रस साच्यात गेला आणि निवला, की जे उरते ते मूळ अर्थाने मूर्ती. म्हणजे 'ओतीव मूर्ती' या जोडीत एकाच घटनेची दोन टोके आहेत, ओतणे आणि थिजणे. यिर्मयाचा आक्षेप असा की या ओतलेल्या वस्तूत श्वास नाही. मूर्ती आणि मूर्च्छा या शब्दांना सख्खे मानणाऱ्या भाषेला हे नवे नव्हते. श्वास नाही म्हणूनच तर प्राणप्रतिष्ठा करावी लागते.

हिब्रू ग्रंथ ओतकामाच्या विरुद्ध होता असे मात्र कुणी समजू नये. शलमोनाच्या मंदिरापुढे पितळेचे एक प्रचंड कुंड होते, इतके मोठे की त्याला समुद्रच म्हणत. दहा हात व्यास, पाच हात उंची, खाली बारा बैल. सोर नगराचा हीराम नावाचा कारागीर त्यासाठी आणला होता. यार्देनेच्या खोऱ्यात सुक्कोथ आणि सारतान यांच्यामधल्या चिकणमातीत हे सगळे ओतले, असे राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. चिकणमातीचा उल्लेख साच्यांसाठी आहे हे ओतकाम पाहिलेल्या कुणालाही कळेल. पण इथले क्रियापद नासाख नाही. इथे यात्साक आहे. कराराच्या कोशाच्या कडीपासून निवासमंडपाच्या बैठकांपर्यंत पवित्र धातुकामाला यात्साक, आणि हा समुद्रही 'मुत्साक', म्हणजे यात्साकाने झालेला. प्रतिमेच्या ओतकामाला यात्साक कुठेही येत नाही, तिथे नासाख किंवा त्यातून निघालेली नामे. भट्टी तीच, मूस तीच, कदाचित कारागीरही त्याच कुळातले. भाषेने मात्र दोन दारे ठेवली.

तरी ही विभागणी सगळीकडे टिकत नाही, आणि ती टिकत नाही हे मला अधिक मोलाचे वाटते. याकोब बेथेलला दगड उभा करतो, त्यावर नेसेख ओततो आणि तेल ओततो. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायातल्या त्या एकाच वचनात रसासाठी नासाख आणि तेलासाठी यात्साक अशी दोन्ही क्रियापदे शेजारी येतात, तीही उभ्या दगडापुढे. शेंदूर आणि तेल लावलेल्या शिवेवरच्या म्हसोबाला नमस्कार करून वाढलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही. दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. वासराचे प्रकरण झाल्यावर, फुटलेल्या पाट्यांच्या जागी नव्या दगडी पाट्या कोरून आण, असे देव मोशेला सांगतो. ते 'कोर' म्हणजे पासालचीच आज्ञा, पेसेल जिच्यातून निघतो तीच. आणि त्याच अध्यायात, सोळा वचने खाली, ओतीव देवांना बंदी. कोरण्याची क्रिया पवित्र लेखनाला चालते, ओतण्याची क्रिया अर्पणाला चालते. म्हणजे ग्रंथाचा राग हातावर नाही, हत्यारावर नाही.

मग तो कशावर आहे? याचे उत्तर मला अहरोनाच्या तोंडच्या एका वाक्यात सापडते. वासरू झाले कसे, हे आधी निवेदनात नीट सांगितलेले आहे. लोकांनी कानांतली सोन्याची कुंडले काढून दिली, अहरोनाने ती घेतली, हत्याराने आकार दिला आणि ओतीव वासरू केले. ओतीव असेल तर हत्यार कशाला, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. कुणी ते हत्यार नसून सोने ठेवायची थैली होती म्हणतो. ओताऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. साच्यातून काढलेला नग कधीच तयार नसतो. धातू आत शिरला त्या नळीचा देठ कापायचा, सांध्याची उठलेली कड घासायची, डोळे आणि दागिने छिन्नीने उठवायचे. ओतणे एका घटकेचे, मागचे काम दिवसांचे. पण पुढे मोशे जाब विचारतो तेव्हा अहरोन म्हणतो की मी सोने आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले.

शीव स्थानकाच्या पश्चिमेला उतरले की धारावी लागते. तिथे भंगारातले अॅल्युमिनियम वितळवून लगडी पाडण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. अंधाऱ्या खोलीत भट्टी, वर तरंगणारा मळ बाजूला सारणारा माणूस, लांब दांड्याचा डाव, ओळीने मांडलेले साचे. पलीकडे कुंभारवाड्यात माती मळणे चालू. मी हे काम पाहायला गेले होते तेव्हा डाव धरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला अहरोनाची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकली आणि एवढेच विचारले, "मग साचा कुणी केला होता?"

मला वाटते मस्सेखा हा शब्द हाच प्रश्न विचारतो. अहरोनाच्या बोलण्यातून साचा गाळलेला आहे, हात गाळलेला आहे, आणि तेवढे गाळले की मागे चमत्कार उरतो. शब्द तो चमत्कार होऊ देत नाही. दर वेळी तो आठवण देतो की हे कुणीतरी ओतले. संदेष्ट्यांच्या भाषणांत कारखान्याची इतकी बारीक माहिती का येते, तेही यावरून उलगडते. यशयाला ठाऊक आहे की लोहार भट्टीपुढे भुकेला असतो आणि पाणी न पिता थकतो. देव डगमगू नये म्हणून तो खिळ्यांनी पक्का करतात हे त्याला ठाऊक आहे. डाक चांगला बसला असे कारागीर एकमेकांना म्हणतात, तेही त्याने ऐकले आहे. वासरू जाळून, दळून, पाण्यात मिसळून मोशे ते लोकांना प्यायला लावतो. ओतून झालेले पुन्हा ओतण्याजोगे केले आणि घशाखाली उतरवले, याहून कडक आठवण कोणती द्यायची?

आता आपल्याकडे पाहू. आपल्या परंपरेने साचा कधी लपवला का? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला. मराठी अभ्यासकांना तो महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखामुळे ठाऊक असतो. त्याच ग्रंथात देवप्रतिमा ओतण्याची कृती आहे. मेणाची प्रतिमा करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे, मोकळ्या झालेल्या पोकळीत धातू ओतायचा. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा तेही सांगितले आहे. चांदी बारा पट, सोने सोळा पट. ज्या संस्कृतीने देवाचे वजन मेणावरून काढायचे गणित शास्त्रात लिहून ठेवले, तिला तुमचा देव कारागिराने केला आहे असे सांगून धक्का कसा बसणार? घरी देव आणतात तेव्हा तो तोलून, घडणावळ देऊन आणतात. तोवर तो माल असतो, पुढे विधी होतो तेव्हा देव.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतला वाद याच ठिकाणी घसरला. १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकर आणि विल्सन यांच्यात जाहीर वादविवाद झाले, पुस्तकांना पुस्तकांनी उत्तरे दिली गेली. १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत. पाद्र्यांनी यिर्मया आणि यशया यांची वचने हातात घेऊन समोरच्या देवघरांवर रोखली. धातूला देव मानता, ही त्यांची तक्रार. समोरच्यांना ती तक्रार आपल्याबद्दल आहे असेच वाटेना, कारण धातू म्हणजे देव असे ते म्हणतच नव्हते. विल्सन यांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. पण ज्यांनी हिब्रू व्याकरण मराठीत मांडले त्यांनी मस्सेखा आणि प्राणप्रतिष्ठा शेजारी ठेवून पाहायला हवे होते. तसे केले असते तर आघात कुठे करायचा आणि कुठे नाही हे त्यांना कळले असते. आपल्या बाजूनेही कुणी उलटून विचारले नाही की तुमच्या ग्रंथातला हा शब्द नेमका काय म्हणतो.

धातू देव केव्हा होतो, हा प्रश्न यहुदी शास्त्रकारांनाही चुकलेला नव्हता. इसवी सनाच्या सुमारे २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत परकीय पूजेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात म्हटले आहे की परक्याची प्रतिमा घडताक्षणी निषिद्ध, पण इस्रायलाच्या माणसाने केलेली असेल तर तिची पूजा होईपर्यंत ती निषिद्ध नाही. म्हणजे घडणे आणि देव होणे यांत त्यांनीही अंतर मानले. आणि देवपण काढता कसे येते? कानाचे टोक, नाकाचे टोक, बोटाचे टोक तोडून. आपल्याकडेही नाक-कान भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. कारणे वेगळी, पण पूर्णतेवर देवपण अवलंबून असते ही जाण दोन्हीकडे सारखी.

शास्ते या ग्रंथातली मीखाच्या आईची गोष्ट मला या सगळ्यात जास्त जवळची वाटते. तिचे अकराशे चांदीचे तुकडे चोरीला जातात. चोर मुलगाच निघतो आणि परत आणून देतो. ती बाई ही चांदी परमेश्वरालाच वाहते, दुसऱ्या कुणा देवाला नव्हे, आणि त्यातले दोनशे तुकडे सोनाराला देऊन पेसेल आणि मस्सेखा करवते. नऊशे कुठे गेले हे ग्रंथ सांगत नाही. पेसेल आणि मस्सेखा या दोन वस्तू की एकच, यावर मतभेद आहेत. एक मत असे की लाकडाचा कोरलेला गाभा तो पेसेल, आणि त्यावरचे धातूचे आवरण ती मस्सेखा. दोनशे तुकड्यांत भरीव देव होत नसावा, पण पत्रा चढवता येतो, हे त्या मताला अनुकूल आहे.

इथे शब्दाचे दुसरे मूळ पुढे येते. हिब्रूत त्याच तीन व्यंजनांचा विणण्याचा, झाकण्याचा आणखी एक धातू आहे, आणि त्याचाही मस्सेखा होतो. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अंथरूण आखूड आणि पांघरूण अरुंद असल्याचे सांगितले आहे, तिथले पांघरूण म्हणजे मस्सेखा. मागावरच्या कापडाला मस्सेखेत, आणि पुढे तालमुदाच्या एकेका प्रकरणालाही मस्सेखेत. ओतलेले आणि पांघरलेले हे दोन अर्थ एका उच्चारात राहू लागले. यशयाच्याच तिसाव्या अध्यायात सोन्याच्या मस्सेखाबरोबर मढवण्याचा शब्द येतो, तिथे कोणते मूळ बोलते आहे हे सांगता येत नाही. अश्कलोनला १९९० मध्ये उत्खननात सापडलेले छोटे वासरू पाहा, कनानी लोकांचे, अहरोनाच्या कथेच्या काळाहूनही जुने. आत कांस्य, वर चांदीचा पत्रा, आणि राहायला मातीचे छोटे देऊळ. ते ओतलेलेही आहे आणि पांघरलेलेही.

आजच्या हिब्रूत मस्सेखा म्हणजे मुखवटा. पुरीमच्या सणाला मुले लावतात तो. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये घरोघर विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटले गेले, त्यांनाही हाच शब्द होता. दिमोना, बेरशेबा, लोद इथे तेव्हा बेने इस्रायलांची, मराठी बोलणारी कितीतरी घरे होती. ज्यांच्या आजोबांनी तो शब्द 'ओतीव' म्हणून वाचला होता, त्यांनी तो तोंडावर बांधला. आणि आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात त्या बहुतेक घरांत मुखवट्यानेच. पितळेचा ओतीव मुखवटा, खाली साडी, पोटात धान्य किंवा डबे. खंडोबाचेही मुखवटे असतात. ओतीव आणि आवरण हे हिब्रू शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत पाहायचे असतील, तर जगात याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मुखवटा देव नव्हे हे घरातल्या सर्वांत लहान मुलीलाही माहीत असते. तीन दिवसांनी तो पुसून, कापडात गुंडाळून, माळ्यावरच्या पेटीत जातो.

मात्र आपल्या बाजूचा एक दोष लपवू नये. आपल्याकडे ओतलेल्या देवापेक्षा स्वयंभूचा मान मोठा. हाताने न केलेला, आपोआप प्रकटलेला, तो अधिक जागृत. एका अर्थी हे हिब्रू संदेष्ट्यांचेच मत झाले, की केलेले ते कमी. पण अहरोनाचे वाक्यही याच्या अगदी जवळ आहे. आगीत टाकले आणि बाहेर आले. ज्या घडीला आपण ओताऱ्याचा हात विसरतो, त्याला मजुरी देऊन निरोप देतो आणि मग देव आपला, परंपरेचा, अनादी असे म्हणू लागतो, त्या घडीला यिर्मयाचे बोलणे आपल्यालाही लागू पडते. ज्या तांबट, कासार, ओतारी मंडळींनी घरोघरचे देव केले त्यांतल्या कितीजणांना गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले गेले, हा प्रश्न मस्सेखा शब्दाच्या पोटातच आहे. तो आपण ऐकायला हवा होता, आणि तो विचारणारे पाद्री परके होते एवढ्यावरून टाळायला नको होता.

म्हणून नवा मराठी अनुवाद होईल तेव्हा माझे एक मागणे आहे. 'मूर्ती' काढा. नुसते 'ओतीव' ठेवा, किंवा 'ओतकाम'. वाचताना खटकेल. हिब्रूतही ते खटकावे म्हणूनच लिहिले होते.

आमच्या देवघरात पाच टाक आहेत. ते ओतीव नाहीत. ठशावर ठोकून उठवलेला चांदीचा पातळ पत्रा, पाठीला तांबे. यशयाच्या तिसाव्या अध्यायातला मढवण्याचा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला यांचीच आठवण झाली होती. आजीच्या सासूपासूनचे रोजचे पाणी आणि गंध यांनी खंडोबाचा घोडा इतका झिजला आहे की बोट फिरवल्यावरच कळतो. यंदा घरात लग्न होते म्हणून देव उजळायला सोनाराकडे घेऊन गेले. त्याने एकेक टाक काट्यावर ठेवला, वजन चिठ्ठीवर लिहिले, आणि खंडोबाचा नवा करावा लागेल म्हणाला. जुनी चांदी वेगळी देऊ की नव्यातच घालू, असे त्याने विचारले. मी म्हटले, नव्यातच घाला.